बादल्या सांधणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. दिवाळीच्या आधीच्या बुधवारी, नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन तुमच्यापाशी आलेली ती मी.

डब्यात दादाचे लहानपणीचे तेवीस प्लास्टिकचे सैनिक होते. हिरवे, बोटाएवढे. माळा आवरताना सापडले आणि लेकीने हट्ट धरला की यंदा किल्ल्यावर हेच मावळे हवेत. पण चौदा मोडलेले. कुणाची बंदुकीची नळी गेलेली, कुणाचा पाय घोट्यातून तुटलेला. दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे "नवीन घ्या" एवढंच ऐकलं. घरी तीन तऱ्हेचे गोंद लावून पाहिले. सकाळी हात लावला की पाय पुन्हा वेगळा.

तुम्ही आधी काही बोलला नाहीत. एक सैनिक उचललात आणि शेजारच्या पाण्याच्या बादलीत टाकलात. तो तरंगला. मग तुटक्या नळीचा कण काडीवर धरून पेटवलात आणि मला वास घ्यायला लावलात. विझलेल्या मेणबत्तीचा वास! "ताई, हे बादलीचंच प्लास्टिक. याला गोंद धरत नाही. याचं यालाच जोडावं लागतं."

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की हे पॉलिथिन. १९३३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत ते अवचित हाती लागलं. पाण्याहून हलकं म्हणून तरंगतं, आणि पृष्ठभाग असा मेणचट की गोंदाला पकडच मिळत नाही. कडक मॉडेलांचं पॉलिस्टायरिन पाण्यात बुडतं. त्याला विरघळवून चिकटवणारा गोंद चालतो, याला नाही. हे सगळं तुम्ही एका बादलीत दाखवलंत.

मग सांधणं. तापलेली पट्टी तुमची नेहमीची, पण सैनिकासाठी ती मोठी, म्हणून तुम्ही दाभण तापवलंत. तुटलेल्या दोन्ही तोंडांत मिळून एक टाचणी खुपसलीत, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. वरून हिरव्याच प्लास्टिकची बारीक चिरफळी वितळवून फट भरलीत आणि गरम असतानाच ओल्या बोटाने दाबलंत. पाय उभा राहिला. मी तो पुन्हा ओढून पाहिला, तुम्ही हसलात. पुढे म्हणालात, "वाकडा झालेला हात असेल तर कढत पाण्यात धरा, सरळ करा, लगेच गार पाण्यात बुडवा." आणि दोन सैनिक बाजूला काढलेत. त्यांचं प्लास्टिक जुनं होऊन कुरकुरीत झालं होतं, नखाने चुरा पडत होता. "यांना हात लावू नका, असेच राहू द्या." तेही ऐकलं.

पुढचे आठ दिवस आमचं स्वयंपाकघर म्हणजे कारखानाच होता, खिडक्या सताड उघड्या. हेल्मेटच्या कडा कापल्या, डोक्यात टाचणी अर्धी रोवून तिच्याभोवती एमसीलचं पागोटं गुंडाळलं, म्हणजे ते निसटत नाही. बंदुकीच्या जागी खराट्याची काडी, तिला टोक केलं की भाला. ढाली शर्टाच्या बटणांच्या. रंग द्यायच्या आधी सगळे साबणाने घासून धुतले, पातळ फेव्हिकॉलचा एक हात दिला, मग अ‍ॅक्रिलिक. त्या थराशिवाय रंग वाकवताच पापुद्र्याने सुटतो, हे पहिल्या मावळ्यावर शिकलो.

किल्ला रामशेजचाच केला. नाशिककराने दुसरा का करावा? १६८२ पासून पाच वर्षांहून जास्त काळ मूठभर माणसांनी तो मोगलांसमोर राखला. गडावर लोखंडी तोफ नव्हती, म्हणून लाकूड पोखरून, वर कातडं चढवून तोफा केल्या, असं मोगलांचा इतिहास लिहिणाऱ्या खाफीखानाने लिहून ठेवलंय. लेकीने ती तोफ शेवग्याच्या फांदीची केली आणि तिच्यामागे तुम्ही पाय जोडलेला मावळा उभा केला. दादा भाऊबीजेला आला तेव्हा त्याने तोच आधी उचलला, पायावरचा सांधा अंगठ्याने चाचपला आणि कितीतरी वेळ हातात धरून बसला.

काका, त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले नाहीत. "बादली नाही, खेळणं आहे" म्हणालात. अर्धा तास तुमचं गिऱ्हाईक खोळंबलं, तेही मी पाहत होते. त्यानंतरचे दोन बुधवार येऊन गेले, तुम्ही दिसला नाहीत. येत्या बुधवारी पुन्हा येतेय, लेकीला घेऊन. आमच्या न्हाणीतल्या बादलीचा कान तुटलाय, ती आणते. तिचे पैसे मात्र घ्यावे लागतील.

तुमची,
डबा घेऊन आलेली ताई
पंचवटी, नाशिक