रविवारच्या फोनबद्दल

चिऊ,

जेवलीस का. रविवारी तू फोन ठेवल्यावर मी तीनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत तीनदा कट केला. मग म्हटलं बोलायला गेलो की परत तेच तोंडातून निघणार, त्यापेक्षा लिहावं. व्हॉट्सॅपवर एवढं मोठं एकदम जातं का माहीत नाही, तुटलं तर पुढचा भाग खाली बघ. आईला दाखवलेलं नाही.

आधी ते. मी जे बोललो ते बोलायला नको होतं. गाऊन पोट भरतं का, असं मी तुला विचारलं, मी, ज्याच्या घरातलं पीठ, तुझ्या शाळेची फी, आक्काच्या लग्नातली ती दोन तोळ्यांची भानगड, सगळं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या पैशातूनच उभं राहिलं. चौदाव्या वर्षी चाचांकडे तानपुऱ्यांना पॉलिश मारायला म्हणून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलो तो आजपर्यंत तिथंच आहे. लोकांनी गाणं सोडलं असतं तर आपण काय खाल्लं असतं. त्यामुळं तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस, मला राग आला नाही. आला होता, पण रात्री गेला.

तू विचारलंस ना, बाबा आज मध्येच काय झालं तुम्हाला. झालं होतं. तुला सांगायचं नाही असं ठरवलेलं, पण ते न सांगता बाकीचं लिहायला लागलो तर नुसतं लेक्चर होतंय, दोनदा लिहून खोडलं.

शनिवारी दुपारी एक बाई आल्या. पस्तीस-छत्तीसच्या असतील, रिक्षातून तानपुरा उतरवला, कव्हर काढलं आणि मी लगेच ओळखला. लेडीज तानपुरा, तुझ्याच मापाचा, 2009 सालचा. गळ्यावरची पानं मी कोरलेली, डावीकडच्या शेवटच्या पानाचं टोक माझ्याच हातून उडालेलं आणि चाचांनी त्यावर मला दिवसभर ऐकवलं होतं. मला वाटलं जवारीला, म्हणजे तारांचा झंकार परत नीट करून घ्यायला आणलाय. म्हटलं ठेवा, बुधवारी या. तर म्हणाल्या, जवारी नको, विकायचाय. एम.ए. म्युझिक झालेल्या, एका कॉलेजात सहा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवलं, तासाचे पैसे, तेही कधी सहा महिन्यांनी यायचे, पुढं तास कमी झाले, मग घर बदललं, नव्या फ्लॅटमध्ये कुठं उभा करायचा म्हणाल्या. रडल्या-बिडल्या नाहीत. किती येतील एवढंच विचारलं. मी घेतला. जाताना त्यांनी एकदा खरजाच्या तारेवरून बोट फिरवलं, तार पार उतरलेली होती, आवाज असा भदाड आला, आणि त्या गेल्या.

विकायला येणारे तानपुरे मला नवीन नाहीत. वर्षाला सहा-सात तरी येतात. पण मी केलेला, आणि तुझ्या मापाचा, आणि तुला बडोद्याला गाणं शिकायला सोडून अजून दोन महिने पण झाले नाहीत. म्हणून रविवारी तसं झालं.

तो सध्या दुकानात खिडकीजवळ टांगलाय. काढून आत ठेवणार आहे.

आता तुझं. बी.एड. कर, प्राध्यापकीची ती नेट परीक्षा दे, हे मी म्हणालो ते तू गाण्यात कमी पडशील म्हणून नाही. हे नीट वाच. एन्ट्रन्सच्या दिवशी मी त्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो, दार बंद होतं तरी तुझा भीमपलास ऐकू येत होता, शेजारी कुठल्या तरी मुलीची आई होती, ती म्हणाली कोण गातंय, मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर आवाज फुटला असता. नंतर तू आत कागदपत्रं देत होतीस तेव्हा मी सूरसागर तलावाच्या काठावर जाऊन एकटाच उभा राहिलो. मला आठवत होतं तू तीन वर्षांची असताना पंढरपूरकडचे तानपुऱ्याचे भोपळे उतरले की अर्ध्या कापलेल्या भोपळ्यात डोकं घालून ओरडायचीस, आणि आपलाच आवाज मोठा होऊन आला की खदाखदा हसायचीस, तुझी आजी म्हणायची पोरीचं डोकं अडकेल एक दिवस. आणि सात वर्षांची असताना तूच मला सांगितलं होतंस, बाबा या तारेत मधमाशी नाही. त्या दिवशी मी तारेखालचं सूत हलवून बघितलं तर खरंच जवारी बंद होती, माझ्या कानातून सुटलेली. हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, तुला मात्र कधी सांगितलं नाही वाटतं.

बडोदा मला आवडलं. चाचा सांगायचे त्यातलं बरंच त्या दिवशी डोळ्यासमोर आलं. मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं तिथं 1886 ला गायनशाळा काढली, म्हणजे घरातल्या पोराला किंवा गुरूचा गंडा बांधलेल्या शिष्यालाच शिकवायचं तो काळ असताना शाळेसारखं वर्गात बसवून गाणं. तीच शाळा पुढं वाढत वाढत तुमची फॅकल्टी झाली. भातखंड्यांनी पहिली संगीत परिषद 1916 ला भरवली तीपण बडोद्यातच. आणि आपल्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे ते अब्दुल करीम खाँसाहेब तरुणपणी बडोद्याच्या दरबारात होते. हिराबाई जन्मल्या मिरजेत, 1905 ला, आणि नाव लावलं बडोदेकर. तू मिरजेची पोर बडोद्याला निघालीस तेव्हा चाचा म्हणाले उलटा प्रवास चाललाय म्हणून, तुला आठवत असेल, आणि तू पाया पडलीस तर त्यांनी डोळे पुसले.

पण चाचांनी मला दुसरीही गोष्ट सांगितलेली, आणि तीच माझ्या डोक्यात जास्त बसते, काय करू. विष्णु दिगंबर पलुस्कर इथंच मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकले, 1896 ला मिरज सोडली, 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एवढा मोठा माणूस, पण मुंबईला बांधलेली विद्यालयाची इमारत कर्जात 1924 ला लिलावात गेली. एवढ्या मोठ्या माणसाची. मग तुझी-माझी काय कथा असं मला वाटतं. चाचा मात्र ही गोष्ट तिथं थांबवत नाहीत, ते म्हणतात इमारत गेली पण शिष्य बघ ना, विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढलं, ओंकारनाथ ठाकूर बनारसच्या विद्यापीठात गेले, आपल्या मिरजेचे देवधर मास्तर मुंबईत शाळा काढून बसले. सगळे शिकवणारेच झाले. म्हणून मी शिकवण्याचं म्हणतो तेव्हा ते खालचं काम म्हणून म्हणत नाही गं. स्टेज मिळालं नाही तर शिकव असं माझ्या तोंडून निघालं ते चुकलं. ज्यानं शिकवलं त्याच्यामुळंच हे टिकलं.

गेला आठवडाभर दुकानात जो येईल त्याला मी विचारतोय, की बाबा तुमचं कसं चालतं. तू म्हणशील बाबांनी चौकशी लावली. लावली. आकाशवाणीचा बी हाय ग्रेड असलेले एक आहेत, ते म्हणाले ग्रेडवर घर चालत नाही पण ग्रेड असली की क्लासला पोरं येतात, आयोजक फोन करतात, म्हणून ऑडिशन लवकर दे, एकदा नापास झाली तरी परत दे. सांगलीचे ते हार्मोनियमवाले म्हणाले गायकापेक्षा मला जास्त कार्यक्रम, कारण गायक बदलतात, साथीला मीच. एक मुलगी पहाटे पाच वाजता लॅपटॉप लावून अमेरिकेतल्या पोरांना शिकवते, म्हणाली आईबाबांच्या वयाचे लोक पण शिकतात आणि फी वेळेवर येते. केंद्रीय विद्यालयात प्रायमरीला संगीत शिक्षकाची जागा असते, त्याला म्युझिकची डिग्री चालते, हे मला माहीतच नव्हतं. आणि कॉलेजात कायम व्हायचं तर नेट नाहीतर पीएच.डी. लागते, सीएचबीच्या तासांवर नुसतं बसून राहायचं नाही, हे शनिवारच्या त्या बाईंनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. एक पोरगा पुण्यात रेकॉर्डिंग करतो, बी.ए. म्युझिकचाच, तो म्हणाला काका तिला माइक समजून घ्यायला सांगा, गाणारीला रेकॉर्डिंग कळत असेल तर तिचं अडत नाही. आणि दिल्लीच्या सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांना स्कॉलरशिप असते, महिन्याला 5000, दोन वर्षं, त्याची जाहिरात आली की मी पाठवतो. तू फक्त फॉर्म भर, बाकी मी बघतो.

बघ परत लेक्चर झालं. सॉरी. हे सगळं वाचू नकोस हवं तर, स्कॉलरशिपचं तेवढं वाच.

मला पैशाची भीती आहे असं तुला वाटतं, आईलापण तसंच वाटतं. आहे थोडी, नाही असं नाही, मोबाईलमधल्या तानपुऱ्यानं आपलं अर्धं गिऱ्हाईक खाल्लंय हे तू बघितलंयस. 2024 ला मिरजेच्या तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले, मी पण वाटले, तरी त्या महिन्यात ऑर्डरी दोनच होत्या. पण पैसे कमी-जास्त होतात, आपण त्यात वाढलोय. २०१९ च्या पुरात आजीला कृष्णाघाटावरून आणली तेव्हा चार महिने काय होतं घरात, पण गेले ना ते दिवस. माझी भीती ती नाही. त्या बाईंनी तानपुरा आणला ना, तेव्हा त्यांना मी विचारलं शेवटचं कधी गायलात, तर त्या आठवायला लागल्या. खरंच आठवायला लागल्या, आणि आठवेना. मला ते सहन झालं नाही. तू स्टेजवर गा, शाळेत शिकव, स्टुडिओत बस, मला काहीही चालेल, लोकांना काय सांगायचं ते मी बघून घेईन. पण असं हळूहळू बंद पडत गेलं, आणि तू कुणाला सांगितलंच नाहीस, आणि आम्हाला पण कळलं नाही, असं नको. आणि सोडायचंच असलं कधी तर सोड बाई, जबरदस्ती नाही, पण मला फोन करून सांग, मी काही बोलणार नाही. तानपुरा मात्र विकू नको. घरी आण, जागा आहे.

हे मी लिहिणार नव्हतो. लिहिलं गेलं, राहू दे.

दिवाळीला कोल्हापूर-अहमदाबाद गाडीचं रिझर्वेशन मी इथून बघतो, उशीर झाला की वेटिंग लागतं. आईनं शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, कुणी येणारं असेल तर कळव. घसा बसलाय म्हणालीस त्यावर रात्रीचं थंड पिऊ नको आणि बसलेल्या घशानं रियाज ओढू नको, दोन दिवस नुसतं ऐकत बस.

आणि तुझ्या तानपुऱ्याचं. बडोद्याला अजून पाऊस आहे म्हणतेस, दमट हवेत लाकूड ओल धरतं, तारा उतरणारच, घाबरू नको, खुंटी जोरात पिळू नको, आधी तारेतले मणी सरकवून बघ. पंचमाची तार बोलत नाहीये असं तू आईला सांगितलंस म्हणे, मला का नाही सांगितलंस. सूत थोडं मागं-पुढं करून बघ, केसाएवढंच. नाही जमलं तर उद्या रात्री नऊनंतर फोन लाव, दुकान बंद असतं. बोलायचं नसलं तर बोलू नको. फोन तारा टेकतात त्या घोडीच्या जवळ ठेव आणि चारही तारा सावकाश छेड, मी इथून ऐकतो आणि सूत कुठं सरकवायचं ते सांगतो.

बाबा