मांडवाशिवायची द्राक्षबाग

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मांडव नाही, तारा नाहीत, मग वेल उभा कसा राहतो, असं तुम्ही विचारलंत. फोझेर हे फ्रान्सच्या दक्षिणेला, बेझिए शहराच्या उत्तरेकडचं शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकावरचं गाव. इथल्या कारिन्यां या वाइनच्या द्राक्षवाणाच्या जुन्या वेलांचं खोड जेमतेम गुडघ्याएवढं. त्यातून चार-पाच ओलांडे, म्हणजे कायमच्या जाड फांद्या, वाटीसारखे बाहेर पसरतात, मध्ये मोकळं. या वाणाच्या काड्या सरळ वर वाढतात, म्हणून आधार लागत नाही.

छाटणी एकदाच, डिसेंबर ते मार्च. आपल्या निफाडला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि वर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग. इथे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, फोडायचं काम थंडीच करून ठेवते.

ओलांड्याच्या टोकाला गेल्या वर्षी २ डोळ्यांवर कापून राखलेलं खुंट, म्हणजे काडीचा आखूड तुकडा, असतं, त्याला दोन काड्या आलेल्या असतात. वरची उडवायची, खालची २ डोळ्यांवर कापायची. नवखे नेमकं उलटं करतात, कारण वरची जाड दिसते. मग ओलांडा दरवर्षी लांबतो आणि घडांच्या वजनाने मोडतो. लांबलाच, तर खोडाजवळचा फुटवा राखायचा आणि तो पक्का झाल्यावर जुना ओलांडा काढायचा. जाड लाकूड खोडाला भिडवून कापू नये. कापाखालचं लाकूड आत वाळत जातं, रसाची वाट तुटते, म्हणून थोडं खुंट सोडायचं. पावसात कात्री खिशात! ओल्या जखमेतून बुरशी शिरते आणि काही वर्षांनी एखादा ओलांडा अचानक वाळतो.

सखल तुकडे मुद्दाम शेवटी छाटतात. डोळे उशिरा फुटले की एप्रिलच्या हिमकडाक्यातून वाचायची शक्यता वाढते. २०२१ च्या एप्रिलमध्ये या भागात कोवळे फुटवे जळाले होते.

त्रामोंतान हा इथला कोरडा वारा पानं सुकवतो, म्हणून डाऊनीचा (केवडा रोगाचा) त्रास आपल्यापेक्षा कमी. पण कारिन्यांला भुरी पटकन धरते, गंधकाच्या फवारणीला सुट्टी नाही. खुंटरोपांत, म्हणजे ज्यांच्या मुळांवर कलम करतात त्यांत, मात्र आपल्याकडचंच ओळखीचं नाव भेटतं, ११० आर!

अशा वेलांचे घड सहसा यंत्राने तोडता येत नाहीत, म्हणून अनेकांनी ते उपटून तारांवर नवी लागवड केली. मला हा तोट्याचा सौदा वाटतो. उतारावरच्या उथळ मातीत, पाणी न देता तगणारी जुनी मुळं पुन्हा उभी करायला निम्मं आयुष्य जातं.

आई, छाटलेल्या काड्यांच्या मोळ्या इथे वाळवून ठेवतात. निखारे झटकन होतात, पण टिकत नाहीत. मटणाच्या पातळ कापांना ठीक, तुझ्या भरताच्या वांग्याला अपुरे पडतील.

तुमची,
मनू