कॉमिकवरच्या गेमच्या यादीत ‘मुस्तफा’ हवाच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॉमिकवर बेतलेल्या ॲक्शन गेमचा आढावा वाचला. २००९ च्या ‘बॅटमॅन : अर्कम असायलम’ला समीक्षकांनी शंभरपैकी नव्वदीच्या पुढे गुण दिले आणि त्याच रॉकस्टेडी स्टुडिओचा २०२४ चा ‘सुसाइड स्क्वॉड : किल द जस्टिस लीग’ साठीच्या आसपास अडकला, हे लेखकाने चांगलं मांडलं आहे. पण ग्रामीण भागात असे गेम पोचले ते स्मार्टफोन आल्यावर, हे त्यातलं वाक्य मला खटकलं. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात आज चाळिशीत असलेल्या कुणालाही विचारा, तो हे मान्य करणार नाही.

आमच्याकडे कॉमिकवरचा गेम त्याच्या कितीतरी आधी आला. बसस्टँडच्या मागे आणि बाजाराच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गेमच्या मशीन असायच्या. रुपयाचं नाणं टाकायचं आणि खेळायचं. मधेच लाइन गेली की रुपया बुडाला. त्या गेमला सगळे पोट्टे ‘मुस्तफा’ म्हणत. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. मार्क शुल्त्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवर तो बेतलेला आहे. मुस्तफा कैरो हे त्यातल्या चार पात्रांपैकी एक, पिवळ्या टोपीवाला. तो सगळ्यांत चपळ, म्हणून त्याच्यासाठी भांडणं व्हायची.

हा गेम आपल्या यादीत का नाही, याचं कारण यादी बनवायच्या पद्धतीत आहे. लेखात ज्या मेटाक्रिटिकचे गुण दिले आहेत, ते संकेतस्थळ २००१ साली सुरू झालं. नियतकालिकांतली आणि संकेतस्थळांवरची परीक्षणं गोळा करून ते सरासरी काढतं. परीक्षणं लिहिली जातात ती मुख्यतः घरी विकत आणायच्या गेमवर. मुस्तफा टीव्हीला जोडायच्या कुठल्याही घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे आलाच नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपले मारामारीचे सात जुने गेम एकत्र विकायला काढले, त्यातही हा नव्हता. जे दुकानात मिळतच नाही त्यावर परीक्षण कोण लिहिणार? आणि परीक्षणच नाही तर गुण कुठून येणार? आपल्या लेखकाने गुणांच्या यादीवरून इतिहास लिहिला, त्यामुळे आमच्या भागात सर्वांत जास्त खेळला गेलेला गेम त्यातून गळाला. हे नीट व्हायला हवं, म्हणून हे पत्र.

गुण नसले तरी समीक्षकांची मोजपट्टी त्याला लावता येते. ‘सुसाइड स्क्वॉड’वरचा मोठा आक्षेप असा होता की चार पात्रं चार तऱ्हेची असूनही खेळताना सगळी सारखीच वाटतात. शार्क माणूस असो की बूमरँगवाला, शेवटी प्रत्येकाच्या हातात बंदूकच. आता मुस्तफा पाहा. एक दांडा आणि दोन बटणं, एक मारायचं आणि एक उडी मारायचं. तेवढ्यात चार पात्रं एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत. जॅक सगळ्या बाबतींत समतोल, हन्ना कसबी, मुस्तफा वेगवान, मेस संथ पण दांडगा. मेस घेणारा पोट्टा गर्दीत घुसून एकेकाला उचलून आपटायचा, मुस्तफावाला पळत येऊन लाथ मारून निघून जायचा. दोन्ही बटणं एकदम दाबली की जोराचा फटका बसतो, पण आपलीही ताकद थोडी कमी होते. म्हणजे तो कधी वापरायचा याचा विचार करावाच लागतो. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता हे सगळं कळत होतं. नव्या गेममध्ये हे साधलं की समीक्षक पानभर कौतुक करतात. मग जुन्याला तो मान का नको?

शिवाय ‘सुसाइड स्क्वॉड’ आला तेव्हा एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागायचं. आमच्या गावात रेंज शोधायला गच्चीवर जावं लागतं. परीक्षणाच्या मराठी लेखात ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात यायला हवी होती, ती कुठेच नव्हती.

कॉमिकशी इमान राखलं का, हा प्रश्न आपल्या लेखकाने प्रत्येक गेमला विचारला आहे. तो इथेही विचारू. शुल्त्झचं कॉमिक काळ्यापांढऱ्या रेघांचं, दाट सावल्यांचं. गेम भडक रंगांचा. कॉमिकमध्ये शेकडो वर्षं जमिनीखाली दडून राहिलेली माणसं वर येतात तर पृथ्वीवर डायनोसॉर फिरत असतात. जॅक टेनरेक जुन्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक आहे, आणि निसर्गाचा तोल माणसाने पुन्हा बिघडवू नये यावर त्याची श्रद्धा आहे. गेमने त्यातला विचार बराच पातळ केला. पण गाभा सोडला नाही. इथले खलनायक डायनोसॉरांची शिकार करणारे आहेत, आणि आपण जनावरांच्या बाजूने लढतो. चवताळलेला डायनोसॉर समोर येईल त्याच्यावर धावून जातो, तो गुंड आहे की खेळाडू हे पाहत नाही. मेळघाट आमच्याच जिल्ह्यात आहे. वाघांच्या शिकारीच्या बातम्या आम्ही आपल्याच पानांवर वाचत मोठे झालो. ज्या गेममध्ये जनावराला छळणारा माणूस गुन्हेगार ठरतो, तो इथल्या पोरांनी इतका जीव लावून खेळावा, यावर एखाद्या जाणकाराने लिहायला नको का?

दोषही आहेत. तेच गुंड कपड्यांचे रंग बदलून पुन्हा पुन्हा येतात. शेवटच्या टप्प्यांमध्ये अडचण अशी वाढवली आहे की नाणी संपावीत, हाच हेतू दिसतो. आमच्यापैकी फार थोड्यांनी त्याचा शेवट स्वतःच्या पैशांत पाहिला. कॅडिलॅक गाडी चालवायला मिळते तो तिसरा टप्पा सगळ्यांचा आवडता, पण नावातच गाडी असताना ती एवढ्यात संपते. समीक्षकाने हेही लिहावं.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’वर स्वतंत्र, सविस्तर मराठी परीक्षण छापावं, आणि ते खेळून लिहिलेलं असावं. त्यासोबत विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी ज्यांनी त्या मशीन चालवल्या, त्यांच्याशी बोलून घ्यावं. बहुतेक मशीन भंगारात गेल्या, पण चालवणारे अजून आहेत. कोणी मोबाईलचं दुकान टाकलं, कोणी संत्र्याच्या व्यापारात आहे. कोणता गेम दिवसभर चालायचा आणि कोणत्या गेमकडे कोणी फिरकत नसे, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकणार नाही. आमच्या तालुक्यातल्या अशा दोघांची बोलायची तयारी आहे. आपला प्रतिनिधी वरुडला आला तर मी त्याला त्यांच्यापर्यंत घेऊन जाईन.

आपला,
एक जुना वाचक
ता. वरुड, जि. अमरावती