मेस्त्री, आमच्या गाड्या तुमच्या हातावर चालल्या

मा. मेस्त्री यांस,
स. न. वि. वि.

रंकाळ्यावर रविवारी सकाळी आम्ही जुन्या गाड्यांचे नादी जमतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणी ना कुणी आपल्या पहिल्या गाडीचं काढतं आणि मग तास दीड तास कसा जातो कळत नाही. गाडी कुठलीही असो, गोष्टीत एक वाक्य ठरलेलं असतं, "मग मेस्त्रींकडं नेली." मागच्या रविवारी सगळ्यांच्या मनात एकदमच आलं की हे आपण एकमेकांना इतकी वर्षं सांगतोय, तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. मंगळवार पेठेत नुसतं मेस्त्री म्हटलं तरी पुरतं.

आमच्यातल्या एकाच्या वडिलांकडं राजदूत होती, एस्कॉर्ट्सची, १७५ सीसीची. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवून ती पहाटे गावाकडनं शहरात यायची. त्या वजनानं मागचं कॅरिअर सारखं तुटायचं. तुम्ही पट्टी वेल्डिंग करून आधार चेसीपर्यंत नेलात, आणि पुढं ती गाडी विकली गेली तरी कॅरिअर शाबूत होतं. तो मित्र सांगतो, "त्या राजदूतवर आम्ही तिघं भावंडं शिकलो." त्यात तुमचा वाटा किती, हे त्यालाच ठाऊक.

आमच्या गटातल्या ताईंच्या आई प्राथमिक शाळेत बाई होत्या. त्यांची लुना, ५० सीसीची, पायडल मारून चालू करायची. त्या काळात बाईमाणूस गॅरेजला आलं की सोबत कोण आहे ते बघायचे लोक. तुम्ही बाईंच्या हातात प्लगपाना दिलात, प्लग काढायला लावलात, काजळी कशी घासायची, फट किती ठेवायची ते दाखवलंत. ताई म्हणतात, आईच्या पर्समध्ये शेवटपर्यंत एक जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा.

पद्मिनी मोटारीचं तर आम्हा सगळ्यांना पाठ आहे. स्टिअरिंगखाली गिअरची दांडी, पुढं सलग सीट आणि घरातली झाडून सगळी माणसं आत. कोकणातनं परतताना करूळ घाट चढायचा म्हणजे मे महिन्यात परीक्षाच. तुम्ही निघायच्या आधीच सांगून ठेवलेलं असायचं, "चढाला बंद पडली तर सेल्फ मारत बसू नगासा. बॉनेट उघडा, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका आणि गप सावलीत बसा." इंजिनाच्या उष्णतेनं पेट्रोलची नळीतच वाफ होते, वाफ पंपाला ओढता येत नाही, म्हणून गाडी मरते. हे कारणही तुम्ही समजावून सांगितलेलं. दुसरा कुणी असता तर त्यानं परत आल्यावर नवा पंप गळ्यात मारला असता. तुम्ही ओल्या फडक्यावर भागवलंत.

आता माझ्या येझ्दी मोटरसायकलचं, वडिलांकडनं आलेल्या. रोडकिंग, २५० सीसी, एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर. किकची दांडी पुढं पाडली की तोच गिअर. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद झाला आणि पार्टसाठी वणवण सुरू झाली. बऱ्याच जणांनी गाड्या भंगारात घातल्या. मलाही कितीतरी जणांनी तेच सुचवलं. तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, टेकवलंत, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिलात. मग म्हणालात, "हिचं काय बी झालेलं न्हाई, एक बुश गेलाय." बुश, म्हणजे दांड्याभोवतीची धातूची कडी, बाजारात मिळेना तर उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर गनमेटल धातूचा काढून आणलात. ज्या गावात ओतकाम आणि लेथ गल्लोगल्ली आहेत, तिथं गाडी पार्टवाचून मरू द्यायची नाही, हा तुमचा हट्ट. कोल्हापूर जगात भारी असं आपण उठता-बसता म्हणतो. मला ते खरं वाटतं ते अशा वेळी.

आणि काढलेला जुना पार्ट तुम्ही कागदात गुंडाळून दर वेळी हातात द्यायचा. कुठं झिजलाय ते बोट फिरवून बघायला लावायचा. आमच्यातल्या प्रत्येकाला गाडीतलं जे काही कळतं, ते त्या कागदाच्या पुड्यांतनं कळलंय.

पण हे पत्र मुख्यतः २०१९ च्या ऑगस्टसाठी आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, शुक्रवार पेठेत आमच्या बोळात गळ्याएवढं पाणी. माणसं बाहेर काढताना गाड्यांकडं कोण बघणार? पाणी उतरल्यावर बघितलं तर येझ्दी गाळात आडवी पडलेली, टाकीच्या झाकणापर्यंत चिखल.

तुमच्या दारात त्या आठवड्यात गाड्यांची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. तुम्ही रस्त्यावर उभं राहून प्रत्येकाला एकच गोष्ट ओरडून सांगत होता, "किक मारू नगासा!" सिलिंडरमध्ये पाणी असताना किक किंवा सेल्फ मारला तर पिस्टन वर येतो, पाणी काही दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे पुरातनं वाचलेलं इंजिन घरच्या माणसाच्या पायानं जायचं. त्या एका हाकेनं किती इंजिनं वाचली असतील!

मी येझ्दी ढकलत आणली तेव्हा तुम्ही प्लग काढलात, गाडी कलती करून पाणी ओतून टाकलंत, आत डिझेल सोडलंत आणि भिंतीला लावून ठेवलीत. शेजारी एका भाजीवाल्याची स्प्लेंडर उभी होती. मला म्हणालात, "तुमची हौसंची हाय, ती थांबंल. ह्येची पोटाची हाय." आधी दूधवाले, भाजीवाले, गवंडी, एमआयडीसीत पाळीला जाणारी पोरं. मजुरी विचारली की "नंतर बघू." काही जणांची ती 'नंतर' आलीच नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे, तुम्ही कधी सांगितलं नसलं तरी.

माझी पाळी दिवाळीच्या सुमाराला आली. क्रँककेस उघडली तर बेअरिंगमध्ये बारीक गाळ बसलेला. तुम्ही क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, उद्यमनगरात नेलात, प्रेसवर उघडून नवा रॉड, नवी पिन घातलीत, आणि सरळपणा मोजायचं डायल लावून तो पुन्हा सरळ करून घेतलात. काटा किंचित हलला तरी "अजून न्हाई" म्हणत होता. सिलिंडरला आतनं बोअर मारून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवलात. पहिल्या किकला धूर आणि ती टकटक ऐकून मला रडू आलं. तुम्ही चहा सांगितलात आणि म्हणालात, पहिले पाचशे किलोमीटर दमानं घ्या.

मेस्त्री, त्या पुरात घरातलं पुष्कळ गेलं. वडिलांच्या हातची म्हणून उरलेली वस्तू ती एक. ती तुम्ही परत दिलीत, आणि त्याहून मोठं म्हणजे ज्यांची चूल दुचाकीवर पेटते त्यांची चाकं आधी फिरवलीत. दोन्हीसाठी मनापासून आभार. हौसेला थांबायला लावलंत त्याचेही.

आता तुमचा पोरगा स्कॅनर लावून फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्या बघतो, छान करतो. पण तोही शेवटी स्क्रूड्रायव्हर कानाला लावतो, हे आम्ही बघितलंय.

यंदा खंडेनवमीला आम्ही सगळे गाड्या घेऊन गॅरेजवर येणार आहोत. पान्यांची, जॅकची, त्या जुन्या व्हाइसची पूजा तुमच्या हातनं. हार, नारळ, पेढे आमच्याकडं. फक्त त्या दिवशी कुणाची गाडी मध्येच बंद पडली तरी तुम्ही खुर्चीतनं उठायचं नाही, एवढं ऐका.

आपला,
रोडकिंगवाला, शुक्रवार पेठ
आणि रंकाळ्यावरचे सगळे गाडीवाले