शेळीच्या दुधाला लोणी येते, सायीची वाट मात्र पाहू नये

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सांगलीतील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर आणि पलीकडे साताऱ्यातील माण-खटाव या पट्ट्यात दारात दोन-चार शेळ्या नाहीत असे घर शोधावेच लागेल. बोकड बाजारात विकला जातो, लेंडीखत रानात पडते, पण दुधाचा हिशेब मात्र चहापलीकडे जात नाही. गावच्या संकलन केंद्रावर गाई-म्हशींचे दूध घेतात, शेळीचे कोणी घेत नाही. त्यामुळे उरलेले दूध कुठे मांजरापुढे जाते, तर कुठे गुपचूप गाईच्या दुधात मिसळले जाते, आणि ही दुसरी गोष्ट मला अजिबात मान्य नाही. ‘शेळीच्या दुधाला साय धरत नाही, मग लोणी कुठले यायचे?’ हे वाक्य मी माहेरीही ऐकले आणि सासरीही ऐकले. त्यातला पहिला भाग बराचसा खरा असला तरी दुसरा खोटा आहे, हे गेली सहा वर्षे घरच्या चार शेळ्यांच्या दुधाचे लोणी काढत असल्यामुळे मी खात्रीने सांगू शकते, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

साय का धरत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. शेळीच्या दुधात स्निग्धांश कमी असतो असा समज आहे, पण तो साधारणपणे साडेतीन ते साडेचार टक्के, म्हणजे गाईच्या दुधाएवढाच असतो. फरक आहे तो स्निग्धांशाच्या कणांत. शेळीच्या दुधातील कण बारीक असतात, आणि कणाचा वर तरंगण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे कण निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. शिवाय गाईच्या कच्च्या दुधात या कणांना एकमेकांना चिकटवून त्यांचे घोस करणारे एक प्रथिन असते, ते शेळीच्या दुधात जवळजवळ नसतेच. म्हशीच्या दुधातील कण मुळातच मोठे आणि स्निग्धांशही सहा-सात टक्के, म्हणून तापवून ठेवलेल्या पातेल्यावर सकाळी भाकरीएवढी जाड साय मिळते. शेळीच्या दुधावर त्याच वेळात कागदासारखा पापुद्रा येतो. बाकीचे लोणी दुधातच असते, ते फक्त वर आलेले नसते.

हे ठाऊक नसताना मी जे केले, ते आजही अनेकजणी करतात. रोज तो पातळ पापुद्रा काढून मी डब्यात साठवत गेले, आणि तोही कच्च्या दुधावर रात्रभरात जमेल तेवढा, कारण कच्च्या दुधावर साय जास्त येते असे कोणीतरी सांगितले होते. आठव्या दिवशी डबा उघडला तेव्हा बोकडाच्या अंगाला येतो तसा वास स्वयंपाकघरभर पसरला, आणि त्याचे लोणी काढले ते इतके कडवट निघाले की कुत्र्यानेही तोंड फिरवले. दोष शेळीचा नव्हता. कच्च्या दुधात स्निग्धांश फोडणारे लायपेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. दूध न तापवता ठेवले की त्याचे काम चालू राहते आणि त्यातून उग्र वासाची आम्ले मोकळी होतात. धार काढल्यावर दूध लगेच फडक्यातून गाळून उकळले की हे विकर निष्क्रिय होते. दूध उकळण्याचे याहून मोठे कारणही आहे. शेळ्यांमधील ब्रुसेलोसिस हा रोग कच्च्या दुधातून माणसाला होतो, तेव्हा कच्च्या दुधाचे लोणी कितीही चवदार लागले तरी ते घरात करू नये. भांडे स्टीलचे असावे, तांब्या-पितळेच्या संपर्काने लोणी लवकर खवट होते. आणि बोकड दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधावा, कारण धारेच्या वेळी तो जवळ असला की त्याचा वास दुधाला लागतो.

आता मुख्य मुद्दा. साय साठवण्याच्या नादी न लागता सगळ्या दुधालाच विरजण लावावे आणि सगळे दही घुसळावे. आपल्या आज्या डेऱ्यात करत होत्या ते हेच, आणि शेळीच्या दुधाला ही पद्धत चपखल बसते, कारण दही लागताना बारीक कण दह्यातच अडकून राहतात आणि ते वर येतात की नाही हा प्रश्नच उरत नाही. संध्याकाळचे दूध उकळून कोमट झाले की मी त्यात चमचाभर ताजे विरजण ढवळून घालते. थंडीत पातेले घोंगडीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवते, उन्हाळ्यात तसेच ओट्यावर सोडते. सकाळी दही घट्ट लागलेले असते, पण म्हशीच्या दह्यासारखी त्याची वडी पडत नाही, ते थोडे मऊ राहते. त्यात काही बिघडलेले नसते.

घुसळताना सगळा खेळ थंडाव्याचा आहे. शेळीचे लोणी गाईच्या किंवा म्हशीच्या लोण्यापेक्षा लवकर मऊ पडते, म्हणून ऊन चढल्यावर रवी फिरवून हात दुखतात आणि लोणी मात्र ताकात विरघळल्यासारखे राहते. एप्रिल-मे महिन्यात मी पहाटे पाचला बसते. भांडे गार पाण्याच्या घमेल्यात ठेवते आणि दह्यात माठातले पाणी घालते. घरी फ्रीज असेल तर दही तासभर आत ठेवून काढले तरी चालते. दहा-पंधरा मिनिटांनी रवीचा आवाज बदलतो. आधी जड, घोगरा असलेला आवाज एकाएकी मोकळा आणि पाणचट होतो, आणि रवीच्या पाकळ्यांवर मोहरीएवढे पांढरे दाणे दिसू लागतात. इथे घाई केली की लोणी पुन्हा मोडते. वाटीभर अगदी गार पाणी ओतून रवी हळू फिरवली की दाणे एकमेकांना धरतात आणि गोळा वर येतो. तो दोन-तीन वेळा गार पाण्यात, पाणी निवळ येईपर्यंत धुवावा. हे लोणी शुभ्र पांढरे असते. गाईच्या लोण्याला पिवळेपणा ज्या कॅरोटीनमुळे येतो, त्याचे शेळीच्या शरीरात जीवनसत्त्व ‘अ’ झालेले असते. तेव्हा पांढरा रंग पाहून भेसळीची शंका घेऊ नये.

खर्चाचे आणि मिळकतीचे आकडे कोणी फुगवून सांगू नयेत, म्हणून माझेच देते. चार शेळ्या दुधात असताना करडांचे पोट भरून मला दिवसाला तीन लिटरच्या आसपास दूध मिळते आणि त्यातून सुमारे सव्वाशे ग्रॅम लोणी निघते. दहा लिटरमागे चारशे ग्रॅम लोणी आणि ते कढवल्यावर तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम तूप, असे माझे गणित बसते. घुसळलेल्या ताकात थोडा स्निग्धांश राहतोच. पण ते ताक आमच्या घरी वाया जात नाही, ज्वारीच्या कण्या आणि आंबील त्याच ताकात होतात. रवी आणि पातेले घरचेच असल्याने भांडवल शून्य. हात भरून येत असतील तर विजेवर चालणारी रवी मिळते. ती मी नंतर घेतली आणि घेतल्याचा पश्चात्ताप झाला नाही, पण सुरुवातीला तिची गरज नाही.

ज्यांना दही नको, गोड साय हवी, त्यांच्यासाठी साय वेगळी काढणाऱ्या यंत्राचा, म्हणजे क्रीम सेपरेटरचा मार्ग आहे. 1878 साली स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी बनवलेल्या यंत्राचे तत्त्व आजही तेच आहे. दूध वेगाने फिरवले की जड भाग कडेला आणि हलका स्निग्धांश मध्याकडे जातो, त्यामुळे कण लहान असले तरी साय निघते आणि मागे उरलेल्या दुधात स्निग्धांश नावापुरता राहतो. दूध मात्र 35 ते 40 अंश इतके कोमट असले पाहिजे. मी एका परिचित घरी हे यंत्र वापरून पाहिले तेव्हा दूध गार झालेले होते, साय घट्ट होऊन तोटीतच अडकली आणि यंत्राच्या आतल्या सगळ्या थाळ्या उघडून धुण्यात दुपार गेली. त्या थाळ्या वापरानंतर लगेच, एक-एक करून धुवाव्याच लागतात, आणि तीन लिटर दुधासाठी रोज हा व्याप परवडत नाही. हाताने फिरवायच्या लहान यंत्राचीही किंमत चार शेळ्यांच्या घराला जड जाते. म्हणून एकेका घराने कर्ज काढून यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाडीतील बचत गटाने एक यंत्र घ्यावे, दहा घरांचे दूध ठरल्या वेळी एकत्र यावे, साय मापाने वाटून घ्यावी आणि मागे उरलेल्या दुधाचे पनीर करावे, तरच ते परवडते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. लोण्याच्या मोहापायी करडांच्या तोंडचे दूध काढू नये. आपल्या भागातली उस्मानाबादी शेळी जुळी देते, पण तिचे दूध बेताचेच असते. व्याल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस सगळे दूध करडांचे, आणि पुढेही जुळी असतील तर दोन महिने हात आखडता ठेवावा. करडू अशक्त राहिले तर जे नुकसान होते, ते वर्षभराच्या तुपाने भरून येत नाही.

टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून आमच्याकडे बांधावर शेवरी आणि सुबाभूळ ही चाऱ्याची झाडे दिसू लागली आहेत, शेळ्या पूर्वीपेक्षा जास्त दिवस दुधात राहतात आणि दूध उरू लागले आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत, सांगलीत रांजणी येथे आणि साताऱ्यात दहिवडी येथे. तिथे पैदास आणि संगोपनाविषयी मार्गदर्शन मिळते. त्याला दुधापासून दही, लोणी आणि तूप करण्याच्या प्रात्यक्षिकाची जोड द्यावी आणि ते आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावे, कारण त्या दिवशी बायका बाजाराला निघालेल्याच असतात, वेगळा रोजगार बुडत नाही. तिथेच एक सेपरेटर ठेवला आणि बचत गटांना तो आठ दिवस वापरायला दिला, तर घ्यावा की नाही हे ज्याचे त्याला ठरवता येईल. हे तूप विकायचे झाल्यास त्यावर शेळीचे तूप असेच लिहिले पाहिजे आणि अन्न सुरक्षेची नोंदणी केली पाहिजे. ती कशी करायची हेही त्याच दिवशी सांगितले जावे. असे प्रात्यक्षिक ठेवले गेल्यास मी माझी रवी आणि आदल्या रात्री विरजलेले दही घेऊन स्वखर्चाने येईन.

आपली नम्र,
एक शेळीपालक गृहिणी
ता. आटपाडी, जि. सांगली