गाडीआधी गाडीतल्या माणसांची चौकशी करणाऱ्या मेस्त्रीकाकांस

आदरणीय मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

चिपळूणच्या तुमच्या गॅरेजमधून आम्ही निघालो तेव्हा तुम्ही दुसऱ्या गाडीखाली शिरला होतात आणि माझे आभाराचे शब्द तुम्हाला धड ऐकूही गेले नसतील, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे. गाडी वळणावर कमी कलावी आणि स्टिअरिंग फिरवताच तिने वळावे, एवढीच माझी अपेक्षा होती. आईच्या उपचारांसाठी गुहागरहून कराडला जाताना कुंभार्ली घाट ओलांडावा लागतो आणि तिथे ती मागच्या सीटवर हँडल घट्ट धरून बसलेली असे. लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी थोडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग, घालाव्यात असे मनात होते. त्या कोणत्या, हे नीट सांगणारा मात्र भेटत नव्हता.

सुचवणारे तसे पुष्कळ भेटले. मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानांत पहिला प्रश्न असे, ‘किती खाली पाहिजे?’ टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत चार बोटे घालून ते 40 मिलिमीटरचा सेट सुचवत आणि मूळ शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे दांडे, तसेच चालतील अशी ग्वाही देत. एकाने तर आहे त्याच स्प्रिंगांचा एकेक वेढा ग्राइंडरने कापून द्यायची तयारी दाखवली. कापलेल्या टोकाला नीट बैठक राहत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबकळले की अशी स्प्रिंग जागेवरून सुटू शकते, हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ठाऊक असून तो बोलला नाही, याचाच राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र बॉनेटला हात लावण्याआधी विचारलेत, ‘गाडीत बसतं कोण?’ आई बाकड्यावर बसली होती. तुम्ही हात धुतलेत, धुतलेल्या फडक्याने मागची सीट पुसलीत आणि म्हणालात, ‘वहिनी, वाईच बसा बघू, रोज बसता तिथंच.’ मग डिकीत तांदळाची पोती ठेवून, टेप लावून तुम्ही माप घेतलेत. एवढ्यावर न थांबता, धक्का नेमका कधी बसतो, हेही तुम्ही तिलाच विचारलेत. ती म्हणाली, नुसत्या वळणाचे काही वाटत नाही, पण वळणातच खड्डा आला की कमरेत कळ येते आणि गाडी बाहेर सरकल्यासारखी होते. तुम्ही मान डोलावलीत. शॉकअप दमले आहेत आणि भरल्या गाडीत मागची स्प्रिंग पूर्ण दबून बंप स्टॉपच्या, म्हणजे शेवटचा धक्का अडवणाऱ्या, रबरावर टेकते आहे, हे निदान तुम्ही तिच्या त्या एका वाक्यावरून केलेत. आजवर गाडीच्या कोणत्याही कामात तिचे मत कोणी विचारले नव्हते. घरी येईपर्यंत ती तेच बोलत होती.

नंतर फरशीवर खडूने मांडलेला हिशेब मी अजून विसरलेलो नाही. छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 550 मिलिमीटरवर धरला, तर गाडी 25 मिलिमीटर खाली आणून वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार जेमतेम साडेचार टक्के कमी होतो. बाकीचा फरक पडतो तो स्प्रिंगच्या कडकपणाने आणि शॉकअपने. तो कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे वेढे आणि त्यांचा व्यास तोच ठेवून 12 मिलिमीटरऐवजी 13 मिलिमीटरची तार घेतली तर स्प्रिंग सुमारे 38 टक्के कडक होते, आणि जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही. उलट, गाडी फार खाली घेतली की पुढचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, चाकाकडे वर चढतो, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो आणि कलण्याची ओढ वाढते. ज्यासाठी खर्च करायचा तेच बिघडते, हे एकाही दुकानात कोणी उच्चारले नव्हते.

मागच्या बाजूचे गणित तर आणखी सरळ होते. चाकापाशी 20 न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणा असेल, म्हणजे साधारण दोन किलोला एक मिलिमीटर दबत असेल, आणि प्रत्येक मागच्या चाकावर 100 किलो वाढले, तर गाडी मागे सुमारे 50 मिलिमीटर बसते. रिकाम्या गाडीच्या पोटाची जमिनीपासून 170 मिलिमीटर उंची, त्यातून दुकानदाराचे 40 आणि माणसांचे 50 वजा करा, उरले 80. आपल्याकडच्या गावागावांतले गतिरोधक डोळ्यांसमोर आणल्यावर पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

म्हणून पुढे 20 मिलिमीटर खाली आणि बेताच्या कडक स्प्रिंग, मागची उंची जवळपास मूळचीच, त्यांना साजेसे नवे शॉकअप आणि शेवटी व्हील अलाइनमेंट, असे तुम्ही ठरवलेत. महागडा सेट गळ्यात घालणे तुम्हाला सहज शक्य होते, कारण मी पैसे मोजायच्या तयारीनेच आलो होतो. गिऱ्हाईक घासाघीस करत नसताना त्याचे पैसे वाचवणारी माणसे कोकणात अजून आहेत, आणि त्यांच्या दारावर साधी पाटीही धड नसते, याचे मला राहून राहून नवल वाटते. बहुधा त्यांना पाटीची गरजच पडत नसावी.

आता घाटात गाडी कलते, पण थोडी आणि एकदाच. वळणात खड्डा आला तरी आपली रेघ सोडत नाही. आई परवा पोफळीच्या पुढे चक्क झोपली होती. दिसायला गाडी पूर्वीसारखीच आहे आणि मडगार्डखालची फट पाहून आमचा भाचा हिरमुसला आहे. त्याला तुमच्याकडे पाठवतो, खडू तयार ठेवा.

समुद्राच्या खाऱ्या हवेत स्प्रिंगवरचा रंग उडाला की गंज तिथूनच धरतो आणि पुढे तिथेच चीर जाते, ही तुमची सूचना लक्षात आहे. पावसाळा सरला की खालून धुऊन गाडी तपासायला आणीन. आईही येणार म्हणते आहे.

आपला कृतज्ञ,
गुहागरचा एक गाडीवाला