बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग

मिसिसागा, 12 ऑक्टोबर

ती. दादास साष्टांग नमस्कार.

काल बाबांशी बोललो. पॉवर स्टिअरिंग जड झालंय, राजवाड्यापाशी गाडी लावताना खांदा भरून येतो म्हणाले. मेकॅनिकने बघताक्षणी रॅक, म्हणजे चाकं वळवणारा भागच, बदलायला सांगितलंय. मी म्हटलं थांबा, दादा दिवाळीला इंदूरला येतोय. म्हणजे काम तुझ्या गळ्यात घातलंय, रागावू नकोस.

आधी टायरची हवा आणि स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टा बघ. मग तेलाच्या पाइपांच्या जोडांवरून, रॅकच्या रबरी बुटांवरून बोट फिरव. ओलं लागलं तर मेकॅनिकचंच खरं. कोरडं असेल तर स्टिअरिंगच्या तेलाचा एक थेंब पांढऱ्या फडक्यावर घे. नवं एटीएफ, म्हणजे हेच तेल, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल असतं. माझ्या कोरोलाचं निघालं चिंचगुळाच्या आमटीसारखं, वर जळका वास. तसं निघालं तर तेल बदलायचं.

तेल बदलताना झालेली माझी फजिती ऐक. रिटर्नचा, म्हणजे तेल टाकीत परत आणणारा, पाइप काढून बाटलीत सोडला आणि नेहाला गाडी सुरू करायला सांगितली. डोळ्यांदेखत तेलाची टाकी रिकामी! पंप हवा ओढून जात्यासारखा घरघरला, पाइप बाटलीतून उसळला आणि अंगणभर लाल सडा. पुढे हवा काढण्यात अर्धी दुपार गेली.

तू इंजिन बंदच ठेव. मागच्या चाकांना विटा लाव, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घे. बाबांकडे नुसता जॅक आहे, तेव्हा स्टँड नाशिकहूनच डिकीत टाक. टाकीतलं जुनं तेल मोठ्या सिरिंजने ओढून घे. रिटर्नचा पाइप म्हणजे साध्या क्लिपचा. नटाने आवळलेल्या प्रेशरच्या पाइपला हात लावायचा नाही. पाइप काढून बाटलीत सोडलास की टाकीच्या त्या तोंडाला लगेच बूच मार, नाहीतर ओतलेलं तिथूनच वाहील. मग किल्लीने स्टिअरिंगचं लॉक सोडून बाबांना बसव. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, तू ओतत राहायचं. टाकीचा तळ दिसता कामा नये. बाटलीत लाल धार आली की झालं. दोन लिटर पुरेल, पण टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच तेल घे. उरलेलं शेजारच्या काकांच्या होंडात ओतू नका, तिला तिचं वेगळं तेल लागतं.

पाइप जोडून इंजिन सुरू केल्यावर पुन्हा हळूहळू फिरवा, फेस जाईपर्यंत. बाबांना टोकाला नेऊन दाबून धरायची सवय आहे. तेवढं करू देऊ नकोस, पंप तापतो.

जुनं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याला दे. 2017 पासून स्वच्छतेत नंबर काढणारं गाव आहे, गटारीत ओतलंस तर रामबागेतल्या मावश्या सोडायच्या नाहीत.

वहिनींना नमस्कार. परतताना माझ्यासाठी पोह्यांवर घालायचा जिरावन मसाला घेऊन ठेव, इथल्या पोह्यांना काही चव नाही.

तुझा,
बाळू